जीटी८६ ला रस्त्यासाठी आणि ट्रॅकसाठी एकच ब्रेक पॅड : पंधरा महिन्यांचा अनुभव

माझ्याकडे २०१५ सालची टोयोटा जीटी८६ आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत रोजचे कामावर जाणे-येणे आणि वर्षातून चार-पाच वेळा डॉनिंग्टन पार्कचा ट्रॅक डे, म्हणजे आपलीच गाडी रेसिंगच्या ट्रॅकवर चालवण्याचा दिवस, असा तिचा वापर आहे. घरात दुसरी गाडी नाही, आणि ट्रॅकवर जाण्याच्या आदल्या रात्री जॅक लावून पॅड बदलत बसणे मला दर वेळी जमणारे नाही. त्यामुळे चारही चाकांना बसवलेले पॅड, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या, सोमवारी सकाळच्या पावसातही चालले पाहिजेत आणि शनिवारी ट्रॅकवरही, ही माझी पहिल्यापासूनची अट होती. पंधरा महिन्यांत तीन प्रकारचे पॅड वापरून झाले आणि शेवटी फेरोडो कंपनीचे डीएस २५०० गाडीवर राहिले. तिथपर्यंत पोचताना जे कळले ते सविस्तर लिहीत आहे, कारण पॅड विकत घेताना बहुतेक जण तो किती तापमानापर्यंत टिकतो एवढेच विचारतात आणि थंड असताना किती धरतो हे विचारायचे राहून जाते.

सेकंडहँड गाडीबरोबर आलेले पॅड साधे, रस्त्याचे होते. पहिल्या एप्रिलमध्ये मी तेच घेऊन डॉनिंग्टनच्या नॅशनल सर्किटवर उतरलो. साधारण ३.२ किलोमीटरच्या या ट्रॅकवर कॉपिस वळणानंतर एक लांब सरळ पट्टा लागतो आणि त्याच्या टोकाला रॉबर्ट्‌सचे अरुंद वळण येते. तिथे माझी गाडी ताशी १८० च्या आसपास असते आणि वळणाआधी ती ७० वर आणावी लागते. गाडी आणि मी मिळून १३२० किलो धरले, तर या एका ब्रेकमध्ये सुमारे १४ लाख ज्यूल उष्णता तयार होते. घरगुती भाषेत सांगायचे, तर चार लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी ती आहे. त्यातला सत्तर टक्के वाटा पुढच्या दोन चाकांकडे गेला आणि पुढची एक डिस्क सात किलोची धरली, तर एकाच ब्रेकमध्ये डिस्क १४० अंशांनी तापते. ती पुरती निवण्याआधीच, दीड मिनिटात, तेच वळण पुन्हा समोर येते.

पाचव्या फेरीत ब्रेक उतरले. पेडल नेहमीइतकेच घट्ट होते, पाय नेहमीच्याच ठिकाणी थांबत होता, पण गाडी थांबायला तयार नव्हती. दुप्पट जोर लावला तेव्हा कुठे ती वळणात मावली. पॅडमधला मसाला, म्हणजे डिस्कवर घासणारा भाग, ज्या रेझिनने बांधलेला असतो ते अती तापले की वायू सोडते, आणि डिस्क व पॅड यांच्यातले घर्षण एकदम पडते. आंबेनळी घाट उतरताना पुढच्या मालट्रकमागे जो जळका वास येतो, तोच वास त्या दिवशी माझ्या चाकांना येत होता.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि एका नावाजलेल्या कंपनीचे निव्वळ रेसिंगचे पॅड मे महिन्यात बसवले. जूनच्या ट्रॅक डेला ते पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत तितकेच धरत होते. पण दुपारच्या सत्रात पेडलच मऊ पडले आणि एकदा जवळजवळ तळापर्यंत गेले. दोनदा-तीनदा पंप केल्यावर ते वर आले. पॅड वाया गेले असे माझ्या मनात आले, ते चूक होते. ब्रेक ऑइल, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारा द्रव, उकळले होते. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते ग्लायकॉलच्या जातीचे असते आणि हवेतली ओल शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे. ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. माझे ऑइल किती जुने होते हे मला ठाऊकच नव्हते. पेडल घट्ट असून गाडी थांबत नसेल तर पॅडकडे बघावे, आणि पेडलच खाली जात असेल तर ऑइलकडे. हा फरक पायाला ओळखता आला पाहिजे. पहिल्या ट्रॅक डेच्या आधी मला एवढे कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते. आता मी मोतुल कंपनीचे आरबीएफ ६०० हे ब्रेक ऑइल वापरतो. नवे असताना त्याचा उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे, आणि मी ते दर मोसमाच्या सुरुवातीला बदलतो. त्यानंतर पेडल एकदाही मऊ झालेले नाही.

रेसिंगचे पॅड पुढेही ठेवले असते. ते काढावे लागले नोव्हेंबरमधल्या एका सकाळमुळे. बाहेर दोन अंश तापमान होते आणि रस्ता ओला होता. घरापासून सहाशे मीटरवरच्या गोल चौकात दिवसातला पहिला ब्रेक लावला, तर पायाखाली लाकडाची फळी दाबावी तसे वाटले. गाडी सरकतच राहिली. चाके घसरली नव्हती, एबीएसही चालू झाले नव्हते. पॅड नुसतेच डिस्कवर घासत होते. चौकाची पांढरी रेघ ओलांडून गाडी अर्धी पुढे गेल्यावर थांबली. उजवीकडून येणाऱ्या सायकलस्वार बाईंनी वेळेत ब्रेक लावला म्हणून त्या वाचल्या. मी उतरून त्यांची क्षमा मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचे हात थरथरत होते, माझेही थरथरत होते. त्याच आठवड्यात ते पॅड उतरवले. काम करण्याइतके तापमान न मिळालेला असा पॅड डिस्कला खरवडत राहतो, म्हणून डिस्कवरही खोल रेघा उमटल्या होत्या, आणि चाकांवर बसलेल्या लोखंडी भुकटीचे तांबडे डाग आजही पूर्ण गेलेले नाहीत.

डिसेंबरपासून डीएस २५०० आहेत. कंपनी त्यांची कामाची मर्यादा २० ते ५०० अंश आणि सरासरी घर्षणांक ०.४२ असा देते. माझ्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा आकडा पहिला आहे. जानेवारीत गाडीच्या काचेवर बर्फ असताना घेतलेला पहिला ब्रेक साध्या पॅडपेक्षा थोडा कमी धरतो, पण धरतो, आणि पायाला त्याचा अंदाज येतो. ट्रॅकवर आजवर तीन दिवस झाले. सात-आठ फेऱ्या सलग, मग एक फेरी ब्रेक जवळजवळ न लावता निववण्यासाठी, असे मी चालवतो आणि ते शेवटपर्यंत साथ देतात. त्यांपैकी दुसऱ्या ट्रॅक डेला डिस्कच्या कडेला तापमान दाखवणारे रंग लावून पाहिले. हिरवा रंग ४३० अंशांना पांढरा होतो, तो झाला. केशरी ५६० ला बदलतो, तो जसाच्या तसा राहिला. म्हणजे मी मर्यादेच्या अगदी काठावर आहे. याहून जड किंवा जास्त ताकदीच्या गाडीला, किंवा सलग वीस मिनिटे पूर्ण वेगाने चालवणाऱ्याला, हे पॅड मी सुचवणार नाही.

बसवताना मी केलेली एक घाई सांगतो. पॅडच्या पाठीला लावायच्या पातळ पट्ट्या (शिम) न लावताच पॅड बसवले आणि पहिले तीन आठवडे हळू ब्रेक लावला की कर्कश आवाज येत असे. पट्ट्या लावून, ब्रेकचे ग्रीस देऊन पुन्हा बसवल्यावर तो बराचसा गेला. नवे पॅड डिस्कला सरावण्याचे काम मात्र नीट केले होते. पहाटे रिकाम्या रस्त्यावर ताशी १०० वरून ३० पर्यंत दहा वेळा वेग उतरवला, एकदाही गाडी पूर्ण थांबवली नाही, आणि नंतर पंधरा मिनिटे ब्रेकला हात न लावता चालवली. यात पॅडच्या मसाल्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभे राहिले तर तो थर एका जागी जाड बसतो आणि मग स्टिअरिंगला थरथर येते, जिला बहुतेक जण डिस्क वाकली असे म्हणतात. पहिल्या पॅडच्या वेळी मीही तसेच समजून डिस्क बदलायला निघालो होतो.

पुढे-मागे एकाच जातीचे पॅड घातले आहेत. फक्त मागचे जास्त पकडणारे असतील, तर डॉनिंग्टनच्या क्रेनर कर्व्ह्ज या वळणांच्या उतारावर, तेही ओल्यात, मागची बाजू सुटू शकते.

गेल्या रविवारी चाके काढून व्हर्नियरने मोजले. नवे असताना १० मिलिमीटर असलेला पुढचा पॅड सात हजार किलोमीटर आणि तीन ट्रॅक डेनंतर आतल्या बाजूला ५.९ आणि बाहेरच्या बाजूला ६.६ भरला. पॅड दाबणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, आतल्या बाजूला असलेल्या तरत्या कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या पकडीत) आतला पॅड जरा जास्त झिजतो, तेव्हा मोजताना तोच बघावा. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा. अर्धा मसाला उरला की मी ट्रॅकवर जात नाही, कारण पॅड जितका पातळ तितकी उष्णता पिस्टनकडे आणि ऑइलकडे लवकर पोचते. त्या हिशोबाने सप्टेंबरचा एक दिवस होईल. रेघा पडलेल्या पुढच्या डिस्क त्यानंतर बदलणार आहे आणि पॅडची नवी जोडी आत्ताच मागवून ठेवली आहे, हीच.