कापसात पेंडीमिथॅलिन की डायुरॉन? आधी जमीन बघा

सरकी टोकली की दुसऱ्याच दिवशी हा प्रश्न येतो, तण उगवायच्या आधीच मारायची ही दोन तणनाशकं, त्यातलं कुठलं घ्यायचं. आणि कापूस बीटी आहे म्हणजे तणनाशक पण सहन करील असं आपल्या सोलापुरात बरेच जण धरून चालतात, तसं अजिबात नाही, बीटी फक्त बोंडअळीसाठी आहे.

पेंडीमिथॅलिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, मातीच्या वरच्या थराला घट्ट चिकटून बसतं. सरकी दीड-दोन इंच खोल असली की सोटमूळ औषधाच्या खालून सरळ निघून जातं, तणाचं बारीक बी मात्र त्याच थरात उगवतं आणि तिथंच मरतं. म्हणजे कापूस वाचतो तो मुख्य म्हणजे खोलीमुळं. आमच्या मुरमाड पट्टीत एकदा घाईघाईत सरकी अर्ध्या इंचावरच टोकली गेली, पंधरा दिवसांनी रोपं उपटून बघितली तर जमिनीलगत खोड सुजून गाठ आलेली, मूळ आखूड आणि टोकाला जाड, बाजूची तंतुमुळं जवळपास नाहीतच, वारं सुटलं की रोप बरोबर त्या गाठीपाशी मोडायचं. फार वाईट वाटलं राव, बियाण्याच्या पाकिटाचे पैसे तर गेलेच पण वापसा (पेरणीजोगी ओल) पण गेला.

डायुरॉनचं काम वेगळं. ते मुळातून वर चढून पानाचं अन्न तयार करणं बंद पाडतं, त्यामुळं उगवण एकदम छान दिसते आणि नंतर पान शिरांच्या मधे पिवळं पडून कडा करपायला लागतात. कापसाच्या पानावर, देठावर बारीक काळे ठिपके असतात बघा, त्या ग्रंथीत बरंचसं डायुरॉन अडकून पडतं, थोडं झाड स्वतःच मोडून टाकतं, म्हणून कापूस तगतो. पण हलक्या रानात टोकणीनंतर जोराचा पाऊस आला की औषध पाण्याबरोबर मुळाशी उतरतं आणि मग ग्रंथी पुरत नाहीत.

माझं मत विचाराल तर मुरमाड, हलकं रान असेल तर डायुरॉनच्या नादाला लागू नका. भारी काळ्या रानात नुसता कापूस असेल आणि रुंद पानाचं तण जास्त असेल तर चालेल, मात्रा लेबलवरचीच, पंप ओव्हरलॅप होऊ द्यायचा नाही, म्हणजे एकाच जागी दोनदा फवारा नको. पण ओळीत तूर, उडीद असेल तर पेंडीमिथॅलिनच, कारण डायुरॉन आंतरपिकाला सोडत नाही आणि जमिनीत बरेच दिवस राहतं, मागून ज्वारी-कांदा करायचा असेल तर तो पण विचार करावा लागतो.

पेंडीमिथॅलिनमध्ये ३८.७ टक्के सीएस (बारीक कॅप्सूलवालं द्रावण) घेतलं तर एकरी ७०० मिली, २०० लिटर पाण्यात, औषध कॅप्सूलमध्ये असतं म्हणून ३० टक्के ईसीपेक्षा (साध्या तेलकट द्रावणापेक्षा) उन्हानं कमी उडतं. दोन्ही औषधांना ओल पाहिजेच, कोरड्या ढेकळावर मारून काही उपयोग नाही. आणि लव्हाळा, हरळी दोन्हीनं जात नाही, ती उन्हाळ्यातच नांगरून काशा (जमिनीतल्या गाठी-मुळ्या) वेचून काढायची.