श्रीलंकेचा समुद्र : मिरिसा की त्रिंकोमाली?

श्रीलंकेला समुद्रासाठी जायचं ठरलं की दोन नावांवर घरात वाद सुरू होतो : दक्षिणेचं मिरिसा आणि ईशान्येचं त्रिंकोमाली. फोटोंवरून ठरवायला जाल तर ठरणार नाही, दोन्हीकडे तीच वाळू, तेच माड. आधी रजेचा महिना बघा. निम्म्याहून अधिक निर्णय तिथेच होतो.

बेटाच्या मध्यभागी डोंगर आहेत. सर्वांत उंच पिदुरुतलागला, २,५२४ मीटर. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे डोंगरांच्या अलीकडे पाऊस पाडतात आणि पलीकडे कोरडे होऊन उतरतात. त्यामुळे मिरिसाचा समुद्र खवळलेला असतो, तेव्हा त्रिंकोमालीला ऊन आणि संथ पाणी. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून वारे येतात आणि सगळं उलटं होतं. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत त्रिंकोमाली, नाताळात मिरिसा. यात मला तरी दुमत वाटत नाही.

दिवाळीची सुट्टी मात्र अडचणीची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारे दिशा बदलत असतात आणि दुपारनंतर विजांसह पाऊस दोन्ही किनाऱ्यांवर येऊ शकतो. जायचंच असेल तर मिरिसा निवडा. तिथलं हवामान पुढे सुधारत जातं, पूर्वेचं बिघडत जातं. समुद्रातलं जे काही करायचं ते सकाळीच उरकून घ्या.

प्रवासात मिरिसा सरळ जिंकतं. कोलंबोहून साधारण १५० किलोमीटर, बराचसा रस्ता द्रुतगती मार्गाचा. रेल्वेने गेलात तर उजवीकडची खिडकी धरा; कित्येक ठिकाणी रूळ आणि लाटा यांच्यात जेमतेम काही पावलांचं अंतर उरतं. वाटेत गॉलचा डच किल्ला आहे, त्याला अर्धा दिवस तरी द्या. त्रिंकोमाली २६० किलोमीटरच्या आसपास, गाडीने सहा-सात तास. हा प्रवास एका दमात करू नका, दांबुला-सिगिरियाला मुक्काम टाका.

देवमासे दोन्हीकडे दिसतात, निळा देवमासासुद्धा. मिरिसाचा हंगाम डिसेंबर ते एप्रिल, त्रिंकोमालीचा साधारण मे ते ऑगस्ट. मिरिसाजवळ खोल समुद्र किनाऱ्यापासून फार दूर नाही, म्हणून तिथे दिसण्याची शक्यता चांगली. पण बोटीही खूप. एक फवारा उडाला की सगळ्या तिकडे धावतात, आणि तो प्रचंड जीव शेपटी वर करून खाली निघून जातो. त्याच्या मागे न लागणारी, अंतर राखणारी बोट शोधा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधीच घ्यावी, लाटांत गेल्यावर तिचा उपयोग नाही.

पाण्याखालचं बघायचं असेल तर माझं मत त्रिंकोमालीला. निलावेलीसमोरच्या पिजन आयलंड राष्ट्रीय उद्यानात बोटीने काही मिनिटांत पोहोचता येतं. कमरेएवढ्या पाण्यात मुखवटा लावून डोकं बुडवलं, की प्रवाळांवरून फिरणारे रंगीत मासे दिसतात. नशीब असेल तर पंखाला काळं टोक असलेला छोटा शार्कही बाजूने निघून जातो. तो माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. प्रवाळावर पाय मात्र ठेवू नका. तो जिवंत असतो, मोडला की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

लहान मुलं सोबत असतील तर हंगामातली उप्पुवेली-निलावेलीची उथळ किनारपट्टी उत्तम. मिरिसाला लाटांची ओढ जास्त. तिथे राहणार असाल तर मुलांना डुंबायला उनावटुनाच्या आडोशाच्या खाडीत न्या. लाटांवर फळी घेऊन उभं राहायला शिकायचंय? मग मिरिसाशेजारचं वेलिगामा.

आईवडील बरोबर असतील तर त्रिंकोमालीचं पारडं आणखी जड होतं, कारण तिथे कड्यावर कोणेश्वरम हे शंकराचं देऊळ आहे. पोर्तुगीजांनी १७व्या शतकात जुनं देऊळ पाडलं, आजचं नंतर उभं राहिलं. शेजारच्या कड्यात एक खोल चीर आहे. ती रावणाच्या तलवारीची, असं सांगतात. संध्याकाळच्या पूजेच्या वेळेला वर पोहोचा, आणि देवळाच्या आवारात चपला काढायच्या असल्याने भर दुपारी जाणं टाळा.