रात्री झोप लागायला गरम पाण्याची अंघोळ की तळपायाला काशाची वाटी?

गरम अंघोळ म्हणजे ४० अंशाच्या आसपासचं पाणी, दहा मिनिटं पुरे, पण झोपायच्या तास-दीड तास आधीच उरकायची, कारण गरम पाण्याने हातापायांच्या कातडीकडे रक्त येतं, तिथून उष्णता बाहेर पडते आणि मग आतलं टेम्परेचर उतरतं, तेव्हा कुठे डोळे जड होतात. अंघोळ करून लगेच आडवं झालात तर उलट तगमग होते. त्यात रात्री पाणी जाणारी सोसायटी असेल तर विषयच संपला.

वाटीला एवढा टायमिंगचा ताप नाही. चमचाभर तूप नाहीतर खोबरेल तळव्याला चोपडायचं आणि वाटी गोल गोल फिरवत बसायचं, थोड्या वेळात तळवा काळा पडतो. लोक म्हणतात अंगातली उष्णता निघाली, तसलं काही नसतं हो, तेल, घाम आणि धातूची रिअ‍ॅक्शन आहे ती. पण दोन्ही हात तेलकट झाले की मोबाईल आपोआप लांब राहतो, माझ्या मते अर्धी झोप तिथेच येते! नंतर पाय नीट पुसा मात्र, नाहीतर फरशीवर घसराल.

मी थंडीत अंघोळ घेईन, बाकी वर्षभर वाटीच. डायबेटिसमुळे पाय बधिर असतील तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच करा.