औषध मिसळलेलं खाद्य: एंजलफिशच्या टँकवरचा अनुभव

माशांच्या टँकच्या पाण्यात औषध टाकायचं म्हणजे डोसागणिक पाणी बदलणं आलं. सोलापुरात उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं आणि पिंपात साठवलेलं आधी स्वयंपाकाला लागतं. म्हणून मी खाद्यातून औषध द्यायला लागले. गेल्या हिवाळ्यापासून हेच करते आहे. उद्या नळाला रोज पाणी आलं तरी पोटाच्या आजाराला मी हीच पद्धत वापरेन.

गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. त्याच्या अंगात क्षार जास्त, बाहेर कमी, त्यामुळे पाणी कल्ल्यांवाटे आपोआप आत शिरतं आणि तो ते सतत बाहेर टाकत राहतो. मग टँकमध्ये सोडलेलं औषध आतड्यातल्या परजीवींपर्यंत पोचणार किती? खाद्यातून दिलं की थेट तिथेच जातं. शिवाय फिल्टरमधल्या, पाणी चांगलं ठेवणाऱ्या जिवाणूंवर औषधाचा मारा होत नाही.

माझ्या एंजलफिशची विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबायला लागली होती. एक मासा खाद्य तोंडात घेऊन परत थुंकायचा, पाठीकडून बारीक झाला होता. पशुवैद्यांनी हेक्झामिटासारख्या परजीवींचा संशय सांगून मेट्रोनिडॅझॉल लिहून दिलं. प्रमाण एक ग्रॅम खाद्याला 10 मिलिग्रॅम, सलग पाच दिवस. म्हणजे 400 मिलिग्रॅमची एक गोळी, सगळं मिसळून झालेल्या 40 ग्रॅम खाद्याला. हिशेब सोपा आहे, पण छोटा डिजिटल काटा हवाच. चमच्याच्या अंदाजावर औषध घालू नये.

औषध आणि खाद्य बांधून वड्या करायला सगळीकडे जिलेटिन वापरा असं सांगतात. आमच्या स्वयंपाकघरात ते चालत नाही, म्हणून मी चायना ग्रास घेतलं आणि उन्हाळ्यात त्याचा खरा फायदा कळला. जिलेटिन तिशीच्या पुढच्या तापमानाला मऊ पडून विरघळायला लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे टँकचं पाणीच तेवढं तापतं. चायना ग्रास एकदा घट्ट झालं की उकळीच्या जवळ नेल्याशिवाय वितळत नाही. वडी पाण्यात पडल्यावर मासा दोनदा चोच मारून परत येईपर्यंत शाबूत राहते.

अर्धी वाटी पाण्यात दोन ग्रॅम चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचं. 10 ग्रॅम रोजचं दाणेदार खाद्य दळून आणि 10 ग्रॅम उकडलेले, साल काढलेले मटार ठेचून तयार ठेवायचे. मिक्सरचं भांडं आणि खलबत्ता यासाठी वेगळा. चायना ग्रासचं पाणी बोटाला सोसेल इतकं निवलं की त्यातलं 20 ग्रॅम घ्यायचं, त्यात दळलेलं खाद्य, ठेचलेले मटार, गोळीची वस्त्रगाळ पूड आणि लसणाच्या रसाचे दोन-तीन थेंब घालून भराभर ढवळायचं. फार निवू दिलं तर हातातच थिजतं. मेट्रोनिडॅझॉल भयंकर कडू असतं, लसणाच्या वासाने मासे निदान पहिला घास घेतात. मिश्रण झिपच्या पिशवीत पातळ पसरून, सुरीच्या पाठीने चौकोन आखून फ्रीझरला. लाइट बराच वेळ गेली आणि वड्या मऊ पडल्या, तर त्या टाकून नवीन करायच्या. पिशवीवर औषधाचं नाव आणि तारीख ठळक लिहा, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच.

त्या पाच दिवसांत दुसरं काहीही खायला द्यायचं नाही. दोन मिनिटांत संपेल इतकंच टाकायचं, उरलेलं जाळीने काढायचं. दोन मासे पूर्ण सावरले, विष्ठा पुन्हा गडद झाली, रंग परत आला. बारीक झालेला तिसरा मात्र गेला. त्याने खाणंच सोडलं होतं, आणि न खाणाऱ्या माशाला हे खाद्य काय करणार? त्याच्यासाठी वेगळ्या छोट्या टँकमध्ये पाण्यातून औषध एवढाच मार्ग उरतो, तोही दर वेळी साधत नाही. त्यामुळे विष्ठा बदललेली दिसली, पण मासा अजून खातोय, तेव्हाच सुरुवात करा. चार दिवस वाट बघण्यात हा मार्ग हातचा जातो.

गुदद्वारातून लालसर बारीक दोरे बाहेर आलेले दिसले तर ते कॅमॅलॅनस कृमी असू शकतात. त्यांच्यावर मेट्रोनिडॅझॉल लागू पडत नाही, लेव्हामिसोल किंवा फेनबेंडाझोल लागतं. पंख कुजणं, अंगावरचे पांढरे ठिपके यांवरही या वड्यांचा उपयोग नाही.

आणि हे फक्त शोभेच्या माशांसाठी. ओळखीतल्या एकांनी शेततळ्यातल्या कटला-रोहूला देऊ का, असं विचारलं होतं. अजिबात नाही. खाण्यासाठी वाढवलेल्या माशांना मेट्रोनिडॅझॉल द्यायला आपल्या देशात बंदी आहे.