टोकाला भुललो, मग डबीला

नेमबाजीतल्या दहा मीटर एअर रायफल प्रकारासाठी छर्रे (शिशाच्या बारीक गोळ्या) घेताना एकाच विक्रेत्याने मला दोनदा फसवले, आणि दुसऱ्यांदा फसलो तेव्हा मी स्वतःला बऱ्यापैकी जाणकार समजू लागलो होतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. ज्यांची मुले नुकतीच रेंजवर जाऊ लागली आहेत, अशा पालकांना याचा उपयोग व्हावा.

आमची मुलगी आठवड्यातून पाच दिवस सराव करते. स्पर्धेत साठ नेम असतात, त्यामुळे सरावातही रोज साठ-सत्तर छर्रे उडतात आणि पाचशे छर्ऱ्यांची डबी दीड आठवड्यात रिकामी होते. बाहेरून येणारे चांगले छर्रे आमच्या गावात मिळत नाहीत. ओळखीतून एका विक्रेत्याचा नंबर मिळाला. बाजारापेक्षा डबीमागे चारशे रुपये कमी, घरपोच, मात्र पैसे आधी. फोनवर तो अत्यंत अदबीने बोलला. "साहेब, भाला बघा, बाण बघा, टोकदार असतो म्हणूनच नेमका लागतो. चपट्या तोंडाचा छर्रा शिकाऊ मुलांसाठी, स्पर्धेला टोकदारच," हे त्याचे म्हणणे मला इतके पटले की मुलीच्या प्रशिक्षक सरांना विचारण्याचेही सुचले नाही, आणि मी सहा डब्यांचे पैसे त्याच संध्याकाळी पाठवून दिले.

त्या टोकदार छर्ऱ्यांनी भोके पडलेला लक्ष्याचा पहिला कागद सरांनी हातात घेतला आणि न बोलता उजेडाकडे धरला. चपटे तोंड कागदातून पंचिंग मशीनसारखी गोल चकती कापून काढते, तर टोकाने कागद आधी भोसकला जातो, मग फाटतो आणि त्याच्या चिंध्या परत भोकात मिटतात. त्यामुळे भोकाची कडा गुणांच्या रेषेला लागली की नाही, हे ठरवताना वाद होतो. त्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, आणि साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्याचे केंद्र मधोमधपासून अडीच मिलिमीटरपेक्षा अधिक सरकले की दहाचे नऊ होतात. नियम कोणत्याही आकाराचा छर्रा चालवून घेतात. तरीही या प्रकारातले नेमबाज चपटाच वापरतात, ते उगीच नव्हे.

बाणाची उपमा मुळातच चुकीची होती, हे मला तेव्हा समजले. छर्रा म्हणजे जड डोके, बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर. हवेच्या दाबाने घेर फुलून नळीच्या आतील खाचांत घट्ट बसतो, त्यामुळे छर्ऱ्याला फिरकी मिळते, आणि बाहेर पडल्यावर मागच्या भागावर हवेचा रोध अधिक असल्याने तोंड पुढेच राहते. टोकाचे काम यात जवळजवळ काहीच नाही. उलट मऊ शिशाचे टोक साच्यातून बरोबर मध्यावर येणे कठीण, आणि डबीत एकमेकांवर आपटून ते वाकते ते वेगळेच. पंचवीस-तीस मीटरच्या पुढे चपटा छर्रा डगमगू लागतो आणि तिथे घुमटाकार डोक्याचा सरस ठरतो, पण दहा मीटरला चपट्याला तोड नाही.

मी फोन केला. विक्रेत्याने लगेच चूक कबूल केली, जुन्या डब्या राहू द्या म्हणाला, आणि वर तीन हजार घेऊन जर्मन बनावटीच्या 'मॅच' दर्जाच्या चपट्या छर्ऱ्यांच्या सहा डब्या पाठवल्या. एवढा सज्जनपणा पाहून मला उलट माझ्या संशयाचीच लाज वाटली.

आकार आता बरोबर होता. तरीही पंधरा दिवसांत मुलीचे गुण घसरले, आणि आम्ही सगळे तिच्या खांद्याला, श्वासाला, परीक्षेच्या ताणाला दोष देत राहिलो. ती एकदा रेंजच्या पायरीवर रडली, ही गोष्ट मला पैशांपेक्षा अधिक लागली आहे. शेवटी सरांनी रायफल शिकंजात आवळून बसवली आणि नव्या डबीतले दहा छर्रे सोडले. माणसाचा हात मध्ये नसतानाही भोके बारा मिलिमीटरांत विखुरली. एका मोठ्या मुलाकडून मागून आणलेल्या अस्सल डबीतले दहा त्याच नळीतून एकाच भोकात गेल्यासारखे दिसले.

घरी भिंगाखाली पाहिले तेव्हा कित्येकांचे घेर चेपलेले आणि डोक्यांच्या कडेला शिशाची कुसळे होती. काचेवर ठेवून ढकलल्यावर चांगला छर्रा एकसारख्या कमानीत गडगडतो. हे लंगडत गेले. मग ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर वीस छर्रे तोलले. डबीवर 0.53 ग्रॅम छापलेले, प्रत्यक्षात 0.49 ते 0.56 पर्यंत काहीही. सोनारच म्हणाला, "हे एका घरचं दिसत नाही." डोक्याचा व्यास सांगणारी 4.50 ची चिठ्ठी नखाने खरवडली, तर खाली आणखी एक चिठ्ठी निघाली, त्यावर 4.49. झाकणाच्या चिकटपट्टीखाली धूळ अडकलेली होती, म्हणजे डबी एकदा उघडून पुन्हा बंद केलेली. डबी खरी, आतला माल कुठला तरी भलताच.

विक्रेता आता फोन उचलत नाही. पैसे एका भलत्याच नावाच्या खात्यात गेले आहेत आणि पक्के बिल मी मागितलेच नव्हते, त्यामुळे सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना माझ्याकडे सांगण्यासारखे फारसे काही नव्हते. तेव्हापासून आम्ही बिलावर डबीचा लॉट नंबर लिहून घेतो, आधी एकच डबी आणतो, ती शिकंजात तपासतो आणि जमली तर त्याच लॉटच्या उरलेल्या मागवतो. डबीमागे चारशे रुपये जास्त जातात. पहिल्या टोकदार सहा डब्यांतल्या चार अजून कपाटावर आहेत; भंगारवाल्याने शिशाच्या भावाने घ्यायची तयारी दाखवली आहे.