पश्चिमेची खिडकी: आतला पडदा, बाहेरची चिक की काचेवर फिल्म?

एसी एक टनाचा घ्यावा की दीड टनाचा, यावर घरोघरी खल होतो. खिडकीवर काय लावायचं हे मात्र सोफ्याचा रंग पाहून ठरतं. नागपुरातला मे महिना घ्या. ४ बाय ४ फुटांची पश्चिमेची खिडकी, साधी काच. दुपारी चारच्या सुमारास दर चौरस मीटरला ५०० वॅट ऊन धरलं, तरी त्यातलं ८० टक्के आत येतं. म्हणजे खोलीत ६०० वॅटचा हीटर! एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता उपसतो. त्यातला सहावा हिस्सा या एका खिडकीपायी जातो.

आतला पडदा ऊन अडवतो, पण ते काच ओलांडून आल्यावर. कापड तापतं आणि ती उष्णता खोलीतच राहते. अस्तर पांढरं असेल तर थोडं ऊन काचेतून परत तरी जातं. गडद पडद्यात तेवढंही नाही. बाहेरची बांबूची चिक तापते ती बाहेरच, आणि वाऱ्यावर निवते.

खरी गोम वापरात आहे. सकाळी घराबाहेर पडताना पश्चिमेला ऊन नसतं, म्हणून पडदा उघडाच राहतो. संध्याकाळी परतेपर्यंत भिंती, गादी सगळं तापलेलं. मग एसी ती उष्णता उपसत बसतो. ऑफिसात उलटं. स्क्रीनवर चकाकी आली की ब्लाइंड खाली येतं, ऊन सरल्यावर वर न्यायला कुणी उठत नाही, आणि भरदिवसा सगळे दिवे चालू. घरी दिव्याची एवढी चिंता नको: एलईडी ट्यूब २० वॅटची, तर खिडकीतून येणारं ६०० वॅट ऊन उपसायला एसीला पावणेदोनशे वॅट वीज लागते.

काचेवर चिकटवलेल्या ऊन अडवणाऱ्या फिल्मला रोज हात लावावा लागत नाही, पण डिसेंबरचं हवंसं ऊनही ती अडवते.

छज्ज्याच्या भरवशावर राहू नका. दक्षिणेला तो पुरतो. पश्चिमेचं ऊन तिरपं, त्याच्याखालून थेट आत.

सोसायटी बाहेर काही लावू देत नसेल (आमच्याकडे ‘दर्शनी भाग बिघडतो’ म्हणून एकाची चिक उतरवली) तर पांढऱ्या अस्तराचा पडदा घ्या आणि कुलूप लावण्याआधी तो ओढा. परवानगी असेल तर चिकच, आणि विसरभोळ्यांनी तर नक्कीच: होळीला कूलर काढाल तेव्हा खाली सोडा, पाऊस लागला की गुंडाळा. भिजलेला बांबू बुरशी धरतो.