संथ, अवघड ॲम्बियंट अल्बम : हेडफोन घ्यावा की स्पीकर?

ॲम्बियंट, म्हणजे चाल-तालाऐवजी वातावरणावर भर देणारे संथ संगीत, आणि त्याच्या कडेने जाणारे प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत मनापासून ऐकू लागलेल्या माणसापुढे कधी ना कधी हा प्रश्न येतोच, की हाताशी असलेला पैसा चांगल्या हेडफोनवर लावावा की स्पीकरवर. गाण्यांच्या बाबतीत याचे उत्तर सोयीवर सोडता येते, कारण चाल आणि शब्द दोन्हीकडून सारखेच पोहोचतात. इथे मात्र बहुधा चालही नसते आणि शब्दही नसतात. एक गुंजन तासभर कसे पालटत जाते, एवढाच सारा विषय असतो, आणि ते पालटणे कशातून ऐकले यावर रचनेचे रूपच ठरते. इम्पिडन्स (विद्युत अवरोध), ड्रायव्हरचा (आवाज निर्माण करणाऱ्या भागाचा) आकार वगैरे बाबी वाचकाला ठाऊक असतील असे धरून मी त्यांत शिरत नाही.

हेडफोनची बाजू भक्कम आहे, हे आधीच मान्य करायला हवे. बर्नहार्ड ग्युंटर यांचा ‘अं पो द नेज साली’ हा १९९३ सालचा अल्बम इतक्या हळू आवाजात बांधलेला आहे, की खोलीत लावला तर तो सुरू झाला आहे की नाही हेच पुष्कळ वेळ उमगत नाही. त्याच वर्षीच्या थॉमस क्योनर यांच्या ‘पर्माफ्रॉस्ट’मधला खोल घुमार टेबलावर मावणारे स्पीकर जवळजवळ गिळूनच टाकतात, तेवढ्याच पैशांतला हेडफोन त्याच्या तळापर्यंत बऱ्यापैकी पोहोचतो. अडखळणाऱ्या सीडींच्या आवाजातून घडवलेला ओव्हल या जर्मन गटाचा ‘९४डिस्कॉन्ट’ (१९९५) ऐकताना कोणती टिकटिक डावीकडे आहे आणि कोणती उजवीकडे, हेही हेडफोनवरच लख्ख कळते. शिवाय घरातल्या इतरांना तासभर एकच स्वर ऐकवण्याचा प्रसंग टळतो, हा लाभ लहान नाही.

असे असूनही माझा कौल हळूहळू दुसऱ्या बाजूला गेला, आणि त्याला कारण झाली ती एकच, सांगायला क्षुल्लक वाटणारी कटकट. बंद पाठीचा, म्हणजे ज्याच्या कपांची बाहेरची बाजू पूर्ण झाकलेली असते असा, हेडफोन चढवला, की ऐकणाऱ्याचे स्वतःचे शरीर त्या रचनेत वाजू लागते. कान झाकला गेला म्हणजे हाडांतून येणारे खालच्या पट्टीतले आवाज बाहेर निसटू शकत नाहीत, ते कानाच्या पोकळीतच घुमत राहतात. एरवीच्या संगीतात याचा पत्ताही लागत नाही. ग्युंटर यांच्या शांततेत मात्र आवंढा गिळला तरी काहीतरी मोठे घडल्यासारखे वाटते, जबडा किंचित हलला की कट्ट होते, हेडफोनच्या गादीखाली नाडीचे ठोके लागू लागतात, चष्म्याची काडी गादीला घासते आणि केबल कॉलरला लागली की तिची खरखर थेट कानात चढते. विल्यम बॅसिन्स्की यांच्या ‘द डिसइंटिग्रेशन लूप्स’मध्ये तर ही कटकट असह्य होते. १९८०च्या दशकातल्या टेप २००१ मध्ये डिजिटल स्वरूपात उतरवून घेताना त्यांच्यावरचा चुंबकीय लेप झडत गेला, आणि ते झडणे हीच ती रचना आहे. अशा ठिकाणी ऐकू आलेली खरखर टेपची की माझ्या केबलची, हे ठरवण्यासाठी मला मान ताठ धरून, श्वास रोखून बसावे लागे. आणि तसे बसून तासाभराची रचना कोणी ऐकू शकत नाही.

स्पीकरवर ऐकताना घरातले आवाज मिसळत नाहीत असे नव्हे. फ्रीज सुरू होतो, नळ वाहतो, कुणीतरी खुर्ची ओढते. पण त्या प्रत्येक आवाजाला दिशा असते आणि कान त्याला आपसूक बाजूला काढतो. हेडफोनमध्ये संगीतही डोक्याच्या आत आणि आवंढाही डोक्याच्या आत. निवडून काढायला दिशाच उरत नाही. हा त्रास सर्वांना सारखाच होईल असे मी म्हणणार नाही. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये तो बराच कमी होतो. पण मग बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि ज्या एकांतासाठी हेडफोन घेतला तोच हातचा जातो. कानाच्या तोंडाशी घट्ट बसणाऱ्या इअरफोनमध्ये तो उलट वाढतो. नॉईज कॅन्सलिंगचा, म्हणजे बाहेरचा आवाज उलट लहरीने पुसणाऱ्या हेडफोनचा, उपाय मी करून पाहिला, पण माझ्याकडच्या हेडफोनची स्वतःचीच एक बारीक सळसळ होती, आणि जिथे सळसळच ऐकायची असते तिथे ती फार खटकली.

स्पीकरच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, आणि ती केवळ त्रास टळण्याची नाही. एलिआन रादीग यांची ‘त्रिलोजी द ला मोर’ (१९८८ ते १९९३) एआरपी २५०० या सिंथेसायझरवर घडवलेली आहे; प्रत्येकी सुमारे तासाभराचे तीन भाग, आणि त्यांत बदल इतका सावकाश की तो होत असताना पकडता येत नाही. खोलीत ही रचना लागली असताना मान थोडी वळवली तरी एखादा वरचा स्वर उजळतो, दुसरा मावळतो. याचे कारण साधे आहे. १०,००० हर्ट्‌झच्या स्वराची लहर जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची असते, त्यामुळे भिंतींवरून परतलेल्या लहरींच्या गुंत्यात डोके बोटभर सरकले तरी त्या स्वराचा जोर बदलतो. हेडफोन डोक्याबरोबरच फिरतो, म्हणून तिथे असे काही घडत नाही. र्‍योजी इकेदा यांच्या ‘प्लस/मायनस’ (१९९६) या अल्बमच्या शेवटी एक अतिउंच स्वर आहे, जो थांबल्यावरच तो इतका वेळ चालू होता हे लक्षात येते. ती किमया हेडफोनवरही साधते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण त्याच अल्बममधले बाकीचे शुद्ध स्वर खोलीत हिंडत ऐकले तर जागोजागी निराळे भासतात, आणि ते हिंडणे मला ऐकण्याचाच भाग वाटते.

स्पीकरचे दोषही थोडे नाहीत. ४० हर्ट्‌झची लहर साधारण साडेआठ मीटरची असते. नेहमीच्या खोलीत ती भिंतींमध्ये आपटून एका खुर्चीवर गडगडते आणि दोन पावलांवर नाहीशी होते. आवाज कमी ठेवला तर कानालाच खालचे स्वर कमी ऐकू येतात, आणि वाढवला तर शेजारी कुरकुरतात. यांपैकी कमी आवाजाचे मला तितकेसे वावडे नाही. ॲम्बियंट हे नाव रूढ करणाऱ्या ब्रायन इनो यांनी १९७५ च्या ‘डिस्क्रीट म्युझिक’सोबतच्या टिपणात लिहिले आहे, की अपघातानंतर अंथरुणावर पडून असताना हार्पच्या संगीताची तबकडी अगदी हळू आवाजात लागली होती, एका बाजूचा स्पीकर बंद होता आणि उठून आवाज वाढवण्याचे त्राण नव्हते, पावसाच्या आवाजात मिसळलेले ते संगीत ऐकताना त्यांना ऐकण्याची नवी रीत सापडली. ज्या प्रकाराच्या उगमाशीच खोलीतले इतर आवाज आहेत, तो खोलीतच ऐकावा, हे म्हणणे फारसे अडाणीपणाचे नसावे.

तेव्हा ज्यांना फक्त इतर लोक झोपल्यावरच ऐकता येते, त्यांनी उघड्या पाठीचा हेडफोन घ्यावा आणि स्पीकरचा विचार तूर्त सोडावा. बाकीच्यांना मी लहानसे स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे ओढून, मीटरभर अंतरावर बसून ऐकण्याचे सुचवीन. इतक्या जवळून खोलीचा गडगडाट कमी जाणवतो आणि आवाजही फार वाढवावा लागत नाही. माझे बहुतेक ऐकणे आता असेच होते. क्योनर आणि ग्युंटर यांच्यासाठी हेडफोन ठेवला आहे, आणि ग्युंटर लावताना चष्मा काढून ठेवतो.